जामिनाचे पैसे वेगळे, वकिलाची फी वेगळी

चोरीच्या केसमध्ये घरातल्या कुणाला पोलिसांनी उचललं की पहिला प्रश्न असतो, "जामिनाला किती लागतील?" मग वकील जो आकडा सांगेल तो इकडून तिकडून गोळा करून एकरकमी दिला जातो, त्यात फी किती आणि जामिनाचे किती हे कुणीच विचारत नाही, आणि घोळ तिथेच होतो.

फी म्हणजे वकिलाच्या कामाचे पैसे. कुणी पूर्ण केसचे ठोक घेतात, कुणी जामीन अर्जाचे वेगळे आणि नंतर तारखेप्रमाणे. निकाल काहीही लागो, ते गेले. "सुटला तरच पैसे द्या" असा सौदा वकिलाला करताच येत नाही, वकिलांवर लक्ष ठेवणाऱ्या बार कौन्सिलच्या नियमात मनाई आहे, त्यामुळे असं बोलणाऱ्यापासून लांबच राहा.

जामिनाची रक्कम मात्र कोर्ट ठरवतं आणि पुष्कळदा ती भरायचीच नसते! ऑर्डरमध्ये "१५,००० चा जातमुचलका व तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार" असं काहीतरी असतं, म्हणजे आरोपी स्वतः हजर राहण्याची लेखी हमी देतो (हाच जातमुचलका), आणि जामीनदार सातबारा नाहीतर पगाराची स्लिप घेऊन येतो आणि आरोपी पळाला तर एवढे मी भरीन असं लिहून देतो, बस. रोख जामीन असेल तर पैसे कोर्टात जमा होतात, पावती मिळते आणि आरोपी तारखांना नीट हजर राहिला तर केस संपल्यावर अर्ज करून ते परत मिळतात. आमच्या एका भावाची पावती कपाटात जुन्या लाइट बिलांत घडी होऊन पडलेली, तीन वर्षांनी सापडली, तोवर सगळ्यांनी ते पैसे फीमध्येच गेले असं धरलेलं.

रक्कम झेपत नसेल तर कमी करून मागता येते. १९७८ च्या मोतीराम केसमध्ये एका गवंड्याकडे १०,००० चा जामीन मागितला होता, सुप्रीम कोर्टाने त्याला १,००० च्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं.

आणि फी परवडत नसेल तर, माणूस कोठडीत आहे ना, मग उत्पन्न न बघता विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, १५१०० वर फोन करा. जामीनदार मात्र तेव्हाही आपल्यालाच शोधावा लागतो.

म्हणून पैसे देण्याआधी जामिनाच्या ऑर्डरची कॉपी मागा, फीची पावती वेगळी घ्या, कोर्टात रोख भरले असतील तर तिथली पावती वकिलाकडे न ठेवता स्वतःकडे ठेवा.