नव्या मोटारीतील पहिला ऑइल बदल

नव्या मोटारीच्या इंजिनात कारखान्यातूनच भरून आलेले वंगणतेल पहिल्यांदा काढून ताजे तेल भरणे, आणि बहुधा त्याच वेळी ऑइल फिल्टर बदलणे, याला पहिला ऑइल बदल म्हणतात. मराठवाड्याच्या बोलीत ऑइलचे ‘आईल’ होते आणि ते बदलत नाहीत, ‘टाकतात’. ‘पहिलं आईल कधी टाकलं?’ या प्रश्नात जुने काढणे आपोआप आले. सध्याच्या बहुतेक पेट्रोल मोटारींच्या पुस्तिकेत हा बदल १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यांपैकी जे आधी होईल तेव्हा करायला सांगितलेला असतो. काही गाड्यांना १५,००० किलोमीटरपर्यंत मुभा असते. लातूर-परभणीकडच्या गॅरेजात मात्र अजूनही छातीठोकपणे सांगितला जाणारा आकडा एकच: १,०००.

हा आकडा कुठून आला हे पाहिले की अर्धा वाद मिटतो. इथल्या बहुतेक घरांत मोटार ही पहिली गाडी नसतेच. आधी मोटारसायकल येते, शेतकऱ्याकडे ट्रॅक्टर येतो, मोटार त्यानंतर. मराठवाड्याच्या कारखानदारीतही क्रम तोच राहिला: वाळूजचा बजाज ऑटोचा दुचाकी कारखाना १९८५चा, तर शेंद्र्याचा स्कोडाचा मोटार कारखाना २००१चा. मोटारसायकलची पहिली सर्व्हिसिंग साधारण ५०० ते १,००० किलोमीटरच्या दरम्यान असते आणि तिच्यात ऑइल बदलतातच, कारण बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच ही तिन्ही एकाच तेलात बुडालेली असतात. नव्या गिअरच्या दात्यांचा चुरा आणि क्लचप्लेटची झीज त्याच लिटरभर तेलात गरगरत राहते. ट्रॅक्टरचा हिशेब किलोमीटरवर नसून तासांवर असतो. अनेक ट्रॅक्टरांचे पहिले ऑइल ५० तासांनी बदलायचे असते. नांगरटीचे दिवस असतील तर आठवड्याभरात मीटर तिथे पोचतो. म्हणजे ‘पहिलं आईल लवकर टाका’ हा सल्ला खोटा नाही, पण तो दुसऱ्या यंत्रांचा आहे. मोटारीत गिअरबॉक्सचे तेल वेगळ्या कप्प्यात असते आणि कोरड्या क्लचची भुकटी इंजिनच्या तेलापर्यंत पोचत नाही.

मोटारींनाही हा नियम एके काळी लागू होता. ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डवरून घडवलेल्या अँबॅसडरच्या पिढीत पहिले ऑइल ५०० मैलांनी, म्हणजे सुमारे ८०० किलोमीटरवर काढण्याची रीत होती. तेव्हाच्या ओतकामात वाळूचे कण आणि यंत्रकामात धातूचा कीस मागे राहणे नवलाचे नव्हते. त्या काळात हात काळे केलेल्या फिटरने आपल्या शागिर्दाला हजाराचा आकडा शिकवला आणि शागिर्दाने पुढच्याला. इंजिने बदलली, आकडा तसाच राहिला.

नव्या इंजिनात नेमके काय घडते? सिलिंडरची आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत नसते. तिच्यावर होनिंग करून, म्हणजे खास दगडाने घासून, मुद्दाम जाळीदार ओरखडे पाडलेले असतात, त्यांत तेल धरून राहते. पिस्टनवरच्या रिंगा या भिंतीवर घासत घासत तिच्या आकाराला बसतात. आपल्याकडे याला ‘इंजिन मोकळं होणं’ म्हणतात, खरे तर ते घट्ट बसणे असते. रिंगांना भिंतीवर दाबण्याचे काम मुख्यतः ज्वलनातल्या वायूंचा दाब करतो. म्हणून नवी गाडी फार जपून, सारखी हळूच चालवली तर रिंगा नीट बसत नाहीत. ओरखड्यांवर चकाकी येते आणि इंजिन पुढे ऑइल खाऊ लागते. उलट सुरुवातीलाच पिदडली तर तापमान आणि झीज दोन्ही वाढतात. या घासाघाशीत सिलिंडर-रिंगांचे लोखंड, पिस्टनचे ॲल्युमिनियम, बेअरिंगांचे तांबे किंवा कथील अगदी बारीक कणांच्या रूपात तेलात उतरते. मोठे कण फिल्टरमध्ये अडकतात, फार बारीक कण तेलाबरोबर फिरत राहतात.

आजच्या इंजिनांत भिंतीवरचे उंचवटे कारखान्यातच घासून सपाट केलेले असतात आणि सुटे भाग धुऊन मगच जोडले जातात. त्यामुळे पहिल्या हजार किलोमीटरांत निघणारा चुरा पूर्वीच्या मानाने किरकोळ असतो. नव्या गाडीचे तेल प्रयोगशाळेत तपासले तर त्यात सिलिकॉनही बऱ्यापैकी सापडते. धुळीतही सिलिकॉन असल्याने अहवाल पाहून गाडी धूळ खात असल्याची शंका येते, पण नव्या इंजिनात ते बहुधा जोडांवर लावलेल्या सीलंटमधून आलेले असते. काही कंपन्या पहिले तेल लवकर काढू नका असेच बजावतात, कारण जोडणीच्या वेळचे खास वंगण त्यात मिसळलेले असते आणि ते रिंगा बसेपर्यंत उपयोगी पडते.

पहिल्या फ्री सर्व्हिसिंगवरून होणारी कुरबूर इथूनच सुरू होते. महिन्या-दोन महिन्यांनी, १,००० किंवा १,५०० किलोमीटरवर गाडी शोरूमला जाते, तिथे तपासणी होते, द्रवांच्या पातळ्या पाहतात, गाडी धुऊन परत देतात. ‘नुसतं पाणी मारून दिलं, आईल टाकलंच नाही’ अशी तक्रार करत मालक घरी येतो. फसवणूक काही झालेली नसते. त्या भेटीत ऑइल बदलायचेच नसते. पुढच्या फ्री सर्व्हिसिंगमध्येही फुकट असते ती मजुरी. ऑइल आणि फिल्टरचे पैसे बिलात लागतात.

मग १०,००० किंवा एक वर्ष, एवढ्यावर विषय संपतो का? मराठवाड्यात संपत नाही. पुस्तिकेच्या मागच्या पानांत ‘कठीण परिस्थितीतील वापर’ अशा अर्थाचा आणखी एक तक्ता असतो आणि तो फारसे कोणी उघडत नाही. धुळीचे रस्ते, कडक ऊन, वारंवार जवळच्या जवळ फेऱ्या, गाडी उभी ठेवून बराच वेळ इंजिन चालू ठेवणे, ओझे ओढणे: यांपैकी काही लागू असेल तर मुदत कमी करा, बऱ्याचदा निम्मी करा, असे तो सांगतो. मराठवाड्याचा एप्रिल-मे डोळ्यांपुढे आणावा. पारा ४२-४३ अंशांवर, काळ्या रानातून जाणाऱ्या रस्त्यावर पुढच्या टेम्पोने उडवलेला फुफाटा, आणि लग्नाच्या मांडवाबाहेर एसी लावून तासभर चालू ठेवलेली गाडी. तक्ता जणू इथेच बसून लिहिला आहे.

यातली धूळ इंजिनात शिरते ती हवेच्या वाटेने. म्हणून एअर फिल्टर चोंदला किंवा फाटका असला तर नवेकोरे ऑइलही लवकर खराब होते. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने जोराची हवा मारून कागदी फिल्टर ‘साफ’ करण्याची सवय वाईट; कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोके पडू शकतात.

जवळच्या फेऱ्यांचा तोटा मात्र धुळीइतका डोळ्यांत भरत नाही. लातुरात घरून गंजगोलाईला जायचे, दोन किलोमीटर, आणि भाजी घेऊन परत. एवढ्यात इंजिन पुरते तापतच नाही. ज्वलनातून तयार झालेली वाफ आणि न जळलेले थोडे पेट्रोल तेलात उतरते आणि ते उडून जाण्याइतकी उष्णता मिळत नाही. वर्षाला तीनच हजार किलोमीटर फिरलेल्या गाडीलाही वर्षाने ऑइल टाकायला सांगतात ते याचसाठी. परभणीत डिसेंबर-जानेवारीत पारा कधी पाच अंशांच्याही खाली जातो, तेव्हा हे आणखी वाढते. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे निकष) डिझेल गाड्यांत एक जास्तीची भानगड आहे: धुराड्यातल्या फिल्टरमध्ये साठलेली काजळी जाळून तो साफ करताना काही डिझेल तेलात मिसळू शकते. ही सफाई गावातल्या गावात अर्धवट राहते. अशा गाडीत ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली तर खूश होऊ नये, सर्व्हिस सेंटरला दाखवावी.

प्रस्तुत नोंदकर्त्याचे मत असे: हजार किलोमीटरवर ऑइल काढण्याची गरज नाही, पुस्तिकेने मनाई केली नसेल तर काढल्याने तोटा खिशाचाच. धूळ आणि छोट्या फेऱ्या असणाऱ्यांनी पहिले ऑइल ५,००० किलोमीटर किंवा ६ महिन्यांच्या आसपास बदलणे शहाणपणाचे. रोज मोकळ्या महामार्गावर लांब धावणाऱ्याने पुस्तिकेवर खुशाल विसंबावे. वर्षाची मुदत कोणीच ओलांडू नये. मधला बदल बाहेर केला तरी ऑइलचा दर्जा लिहिलेले पक्के बिल जपून ठेवावे आणि ठरलेली सर्व्हिसिंग चुकवू नये, नाहीतर वॉरंटीच्या वेळी वाद होतो.

पहिल्या हजार किलोमीटरांत ऑइलपेक्षा चालवण्याकडे लक्ष हवे. पाडव्याला किंवा दसऱ्याला गाडी घ्यायची, चाकाखाली लिंबू ठेवायचे आणि थेट तुळजापूर गाठायचे, ही इथली रीत यंत्राच्या दृष्टीने वाईट नाही. छत्रपती संभाजीनगरहून बीडमार्गे जाऊन येण्यात पाचशेच्या वर किलोमीटर होतात आणि वाटेतली गावे, वळणे, ट्रक यांमुळे वेग सारखा वर-खाली होत राहतो. रिंगांना तेच हवे असते. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाल्यापासून नवी गाडी जालन्याजवळून वर चढवून ताशी १२० वर तासन्‌तास एकाच वेगात पळवण्याचा मोह होतो. तो पहिल्या हजारापुरता आवरावा. निदान वेग बदलत राहावा.

ऑइलची पातळी पाहणे हे मालकाने स्वतः करण्याचे काम. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे, पाचेक मिनिटे थांबावे, ऑइल मोजण्याची काडी (डिपस्टिक) ओढून फडक्याने पुसावी, पुन्हा पुरती आत घालून काढावी. तेलाची ओली रेघ दोन खुणांच्या मध्ये असली की झाले. खालच्या आणि वरच्या खुणेत बहुतेक गाड्यांत सुमारे लिटरभराचा फरक असतो. नव्या गाडीने पहिल्या काही हजारांत थोडे ऑइल खाणे शक्य असते, म्हणून महिन्यातून एकदा तरी काडी पाहावी. वरच्या खुणेच्या पुढे भरणेही चूक, इंजिनच्या तळाशी फिरणारा दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, तेल घुसळून फेस करतो. ‘मालक, आईल काळं पडायलंय, टाकून घ्या’ असे कोणी काडी दाखवून म्हटले तर लगेच हो म्हणू नये. डिझेलमध्ये ताजे तेलही काहीशे किलोमीटरांत काळे होते. काजळी तेलात धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. बोटावर घेतल्यावर पेट्रोलचा उग्र वास आला किंवा डोळ्यांना दिसतील असे चमकणारे कण सापडले तर मात्र थांबू नये.

तेलाच्या जाडीबद्दलचा गैरसमज उन्हाळ्यात जोर धरतो. पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० लिहिलेले असते आणि काउंटरवरचा माणूस म्हणतो, ‘आपल्याकडच्या उन्हात एवढं पातळ चालत नाही, वीस-पन्नास घ्या’, म्हणजे २०डब्ल्यू-५०. यातला ‘डब्ल्यू’ थंडीतल्या प्रवाहीपणाचा. मागचा आकडा १०० अंश सेल्सिअसला मोजलेल्या जाडीवरून येतो. थर्मोस्टॅट इंजिनचे पाणी ९० अंशांच्या आसपास राखतो, मग बाहेर २५ असो की ४३. बारीक वाटांसाठी घडवलेल्या इंजिनात जाड तेल घातले की सुरू होताना ते वरच्या भागांपर्यंत उशिरा पोचते. डबा घेताना सील पाहावे. बदल झाल्यावर रिकाम्या डब्याला खिळ्याने भोक पाडावे, म्हणजे त्यात बनावट माल भरून तो पुन्हा दुकानात येत नाही.

काढलेले तेल, म्हणजे ‘जळकं आईल’, नियमांनुसार घातक कचरा आहे. ते नालीत किंवा बांधावर ओतू नये. अधिकृत पुनर्प्रक्रियादाराकडे जुने तेल पाठवणारे गॅरेज पाहून तिथे द्यावे. खेड्यात मात्र ते टाकाऊ समजले जात नाही. फिटरकडून बाटली भरून आणलेले काळे तेल बैलगाडीच्या आसाला जाते, गोठ्याच्या लाकडी मेढींना वाळवी लागू नये म्हणून बुडाशी फासले जाते. ज्या घरासमोर नवी मोटार उभी आहे, त्याच घराच्या गोठ्यात मेढींचे काळे, चिकट बूड दिसते.