नडणे आणि नाडणे

परवा एका बातमीत वाचलं, 'व्यापाऱ्यांनी शेतकऱ्यांना नडलं.' तिथे हवं होतं 'नाडलं'. घाईत काना राहिला असेल, पण नेमका तोच राहून चालत नाही.

'नडणे' म्हणजे आड येणे, अंगाशी येणे. आळस नडतो, फाजील आत्मविश्वास नडतो. नुकसान होतं, पण ते कुणी ठरवून केलेलं नसतं. पैशाची नड, अडलानडला माणूस हे सगळं त्यातलंच. 'नाडणे'ला मात्र करणारा माणूस लागतो. समोरच्याची अडचण हेरून त्याला लुबाडायचं, म्हणजे नाडायचं.

कांद्याचा लिलाव डोळ्यांपुढे आणा. आभाळ भरून आलंय, ट्रॉली परत न्यायची तर डिझेलचा भुर्दंड. शेतकरी नडलेला आहे. ते ओळखून व्यापारी भाव पाडतो, तेव्हा तो त्याला नाडतो. १८७५ साली सुपे गावापासून पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले, ते असं वर्षानुवर्षं नाडलं गेल्यामुळे. त्यांना नुसतं 'नडलेले' म्हटलं की सावकार वाक्यातून निसटतो. मला ते फार खुपतं.

पडणे-पाडणे, मरणे-मारणे, जळणे-जाळणे ही अशीच जोडपी. काना आला की करणारा आला. ही रीत संस्कृतातल्या पतति-पातयति यांच्यापासून चालत आली आहे.

मुळाकडे गेलं तर पाणिनी भेटतो. हिंसा या अर्थाच्या धातूंसाठी त्याने एक सूत्र रचलं, त्यात 'नाट' आहे. काशिका या पाणिनीच्या व्याकरणावरच्या जुन्या टीकेतलं उदाहरण 'चौरस्योन्नाटयति', म्हणजे चोराला इजा करतो. नाटकातल्या नटाचा इथे संबंध नाही. पुढे प्राकृतात दोन स्वरांमधला ट मऊ होऊन ड झाला, जसा वटाचा वड, घटाचा घडा. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात 'णड' धातू व्याकूळ होण्याच्या अर्थाने येतो. आपली दोन्ही क्रियापदं याच घरातली, असं माझं मत. परकराच्या नाडीशी त्यांची गाठ मारणं मला पटत नाही.

हल्ली पोरं 'माझ्याशी नडू नकोस' म्हणतात, म्हणजे भिडू नकोस. तिथे काना लावायचा नाही. त्यात आडवं येणं आहे, लुबाडणं नाही.