कॅलिफोर्नियाचं ग्रिझली अस्वल खरंच राक्षस होतं का?

"टनभर वजनाचं, रक्ताला चटावलेलं जनावर होतं, म्हणून संपवावं लागलं." ही कथा शंभरेक वर्षं फिरतेय. संग्रहालयांतल्या जुन्या हाडांवर, कवट्यांवर, कातड्यांवर झालेल्या अभ्यासाने २०२४ मध्ये तिची हवाच काढली. ग्रिझलीचं वजन साधारण २०० किलो. युरोपीय येण्याआधी त्याच्या आहारात मांस जेमतेम दहा टक्के, बाकी बहुतेक झाडपाला. मांस वाढलं ते वसाहतवाल्यांनी गुरं आणून सोडल्यावर. म्हणजे ताट यांनीच वाढलं, आणि खादाड ठरलं अस्वल! १८४८ मध्ये सोनं सापडलं, माणसं लोटली. मग बंदुका, सापळे, विष. १९२४ नंतर ते तिथे दिसलेलंच नाही. अधिकृत राज्यप्राणी मात्र झालं १९५३ मध्ये.