अन्ननलिका व जठराचा कर्करोग : प्राथमिक आरोग्यसेवेतील ओळख

अन्ननलिका आणि जठर यांचा कर्करोग सुरुवातीला साध्या अपचनाच्या रूपातच दवाखान्यात येतो. जळजळ, ढेकर, पोट गच्च होणे अशा तक्रारी सांगणाऱ्यांत कर्करोगाचे रुग्ण फार थोडे असतात. सगळ्यांची दुर्बिणीतून तपासणी (एंडोस्कोपी) करणे शक्य नसते, म्हणून कोणाला पाठवायचे हे कुटुंबवैद्याला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना ठरवावे लागते. जपान व दक्षिण कोरियात ठरावीक वयानंतर कोणतीही तक्रार नसलेल्यांचेही जठर तपासले जाते. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमातील तपासणी मात्र तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांपुरती आहे. त्यामुळे आपल्याकडे भिस्त लक्षणांवरच.

यातले सर्वांत महत्त्वाचे लक्षण म्हणजे घास अडकणे. प्रौढाची अन्ननलिका सुमारे २५ सेंमी लांब असते आणि ती चांगलीच ताणली जाते, त्यामुळे पोकळी बरीच अरुंद झाल्याखेरीज त्रास जाणवत नाही. आधी भाकरी किंवा मटणाचा तुकडा अडकतो, मग मऊ भात, शेवटी पाणीही. रुग्ण मात्र तक्रार करण्याऐवजी जेवणाची रीत बदलतो : भाकरी आमटीत कुस्करतो, प्रत्येक घासामागे पाणी पितो, पंगतीत सगळ्यांच्या मागे राहतो. अशा माणसाला ‘गिळायला त्रास होतो का?’ असे विचारले तर तो बिनदिक्कत ‘नाही’ म्हणतो. ‘कोरडी भाकरी शेवटची कधी खाल्लीत?’ या प्रश्नावर खरी गोष्ट बाहेर येते. घास कुठे अडकतो हे दाखवताना रुग्णाने गळ्याशी बोट नेले, तरी गाठ पार खाली असू शकते. घन आणि पातळ दोन्ही पहिल्यापासूनच अडकत असेल, तर अन्ननलिकेच्या हालचालीचा विकार अधिक संभवतो. पण तेवढ्यावरून दुर्बीण टाळता येत नाही.

जठराच्या बाबतीत खुणा अधिक पुसट असतात. चार घासांतच पोट भरणे, अन्नावरची वासना उडणे, नकळत वजन उतरणे. वजनकाटा वापरण्याची सवय नसलेल्यांना पट्ट्याचे भोक किंवा ब्लाउजची शिवण विचारावी. पुरुषात, तसेच पाळी थांबलेल्या स्त्रीत लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय आढळला, तर नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन थांबू नये. पचनमार्गातून रक्त जाते का, हे शोधावे. या गोळ्यांनीही शौच काळे होते, मात्र रक्तामुळे काळे झालेले शौच डांबरासारखे चिकट आणि उग्र वासाचे असते.

तंबाखू, मिश्री, मद्य, जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा संसर्ग आणि घरात कोणाला झालेला जठराचा कर्करोग यांनी धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये हा जिवाणू कर्करोगकारक ठरवला. पण यातले काहीच नसलेल्यालाही कर्करोग होतो, त्यामुळे निर्व्यसनी माणसाच्या अडकणाऱ्या घासाकडे काणाडोळा करू नये.

निदान लांबण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे पित्ताची गोळी. ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल यांनी कर्करोगाच्या व्रणाचीही जळजळ शमते, कधी तो वरवर भरूनही येतो. रुग्णाला आराम पडतो, चिठ्ठी पुन्हा लिहिली जाते, पुढे तो परस्पर मेडिकलमधून गोळ्या आणू लागतो. ब्रिटनमधील ‘नाइस’ संस्थेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार गिळण्याच्या त्रासाला वयाची अट नाही, तातडीने एंडोस्कोपी करायची. वय ५५ किंवा अधिक असून वजन घटत असेल आणि सोबत पोटाच्या वरच्या भागात दुखणे, छातीत जळजळ किंवा अपचन यांपैकी काही असेल, तरीही तेच. वयाचा हा आकडा भारतात जसाच्या तसा लावणे धोक्याचे, कारण इथे हे रोग त्याहून लहान वयातही दिसतात.

डाव्या हासळीवरची (गळ्याखालच्या आडव्या हाडावरची) गाठ, पोटात पाणी होणे, कावीळ ही परीक्षेत हमखास विचारली जाणारी चिन्हे रोग पसरल्यावरची आहेत. त्यांची वाट पाहू नये. दुर्बिणीत जठराचा व्रण दिसला, तर तपासणीसाठी काढलेल्या एकाच तुकड्याच्या निर्धोक अहवालावर विसंबता येत नाही. व्रणातून अनेक तुकडे घेतात आणि सहा ते आठ आठवड्यांच्या उपचारानंतर तो खरोखर भरला का, हे पुन्हा दुर्बिणीतून पाहतात.