उलट्या पावली पहाटेपर्यंत

आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजत आले की मुंबई, नागपूरपासून जगभरातल्या शेकडो ठिकाणी हवामानाचे फुगे आकाशात चढत असतात. खाली लटकलेलं छोटं यंत्र तापमान, दाब, आर्द्रता कळवत राहतं. त्यात उपग्रह, विमानं, जहाजं यांची मोजमापं मिळवली तरी हवेचं चित्र पुरं होत नाही. अंदाजाचं संगणकावरचं मॉडेल सुरू करायला पृथ्वीवर आखलेल्या प्रत्येक चौकटीत, प्रत्येक थरात वारा किती, ओलावा किती, हे सांगावं लागतं. असे आकडे कोट्यवधी. मोजमापं तेवढी नसतात, आणि जी असतात तीही वेगवेगळ्या वेळची.

म्हणून प्रश्न फिरवून विचारतात. सुरुवातीची कोणती स्थिती धरली, तर हवेची अवकल समीकरणं, म्हणजे क्षणाक्षणाला काय बदलतं ते सांगणारी सूत्रं, बारा तास पुढे चालवल्यावर सगळ्या मोजमापांच्या सर्वांत जवळून जातील? मागच्या अंदाजापासूनही फार लांब जायचं नाही. एकूण चूक एका आकड्यात मांडायची आणि तो आकडा लहान करत न्यायचा. इंग्लंडमधल्या रेडिंगच्या युरोपीय अंदाज केंद्राने ही पद्धत, फोर-डी-व्हार, नोव्हेंबर 1997मध्ये रोजच्या कामात आणली.

पण चूक कमी करायला कोणता आकडा कुठे हलवायचा? एकेक हलवून पाहायचं म्हटलं आणि मॉडेलच्या एका फेरीला दहा मिनिटं धरली, तर एक कोटी आकड्यांना सुमारे 190 वर्षं लागतील.

इथे ॲडजॉइंट, म्हणजे मॉडेलची शेवटाकडून सुरुवातीकडे चालणारी उलटी फेरी, मदतीला येतं. गणितातल्या इतक्या सुंदर कल्पना मला फार थोड्या ठाऊक आहेत. समजा, मॉडेलच्या एका पायरीत इथल्या उष्णतेचा तीन दशांश भाग शेजारच्या चौकटीत जातो. मग उलट्या फेरीत शेजारच्या चुकीचा तीन दशांश दोष इथे परत येतो. शेवटची पायरी आधी, पहिली शेवटी, असं मागे मागे येत सुरुवातीच्या क्षणापर्यंत, म्हणजे पहाटेपर्यंत, पोचलं की कोट्यवधी आकड्यांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला किती दोष, ते एकाच फेरीत कळतं. या फेरीचा खर्च साध्या फेरीच्या काही पट, बस. मग सुरुवात थोडी सुधारायची आणि पुन्हा पुढे, पुन्हा मागे.

मेख एका जागी आहे. वारा उष्णता वाहून नेतो तिथे वाऱ्याचा आणि तापमानातल्या फरकाचा गुणाकार असतो. त्यात वाऱ्याचा दोष किती, हे ठरवायला त्या क्षणाचा फरक माहीत हवा, म्हणजे पुढे जाताना तो जपून ठेवायला हवा. बारा तासांचं सगळं साठवणं जड जातं. मग अधूनमधून खुणेचे दगड ठेवायचे, म्हणजे तेवढ्याच क्षणांची स्थिती साठवायची, आणि मधला भाग लागेल तेव्हा पुन्हा काढायचा.

पाऊस याहून हट्टी. हवा पुरेशी ओली होईपर्यंत काहीच पडत नाही, आणि मग एकदम पडतो. अशा उंबरठ्यावर किंचित बदलाचा परिणाम विचारला तर उत्तर शून्य येतं, नाहीतर अवाच्या सवा. म्हणून उलट्या फेरीसाठी ढगांची आणि पावसाची सोपी, कडा घासून गुळगुळीत केलेली सूत्रं वेगळी लिहितात.