काकाकुवा दत्तक घेण्याआधी

आमच्याकडे तीन कामं चालतात. पक्ष्यांचे पिंजरे बनवणं, मालक प्रवासाला गेले की पक्षी सांभाळणं, आणि पहिल्या घरी ज्यांचं जमेनासं झालं आहे अशा पक्ष्यांना दुसरं घर शोधून देणं. या तिसऱ्या कामात काकाकुव्यांची रांग कधी संपत नाही. त्यांतले बहुतेक आजारी नसतात आणि वाईट वळणाचेही नसतात. ते फक्त वयात आलेले असतात.

म्हणून हे पत्रक पक्ष्यासोबत न देता त्याच्या आधी देतो. वाचून तुमचा विचार बदलला तर आम्हाला वाईट वाटणार नाही.

लाडकं पिल्लू आणि मोठा पक्षी

हातावर भरवून वाढवलेलं काकाकुव्याचं पिल्लू पाहून कोणीही विरघळतं. ते हनुवटीखाली डोकं खुपसतं, उताणं धरलं तरी कुरकुरत नाही, घरातल्या कोणाच्याही अंगाखांद्यावर जातं. विकणारा हेच दाखवतो आणि घेणारा हेच पाहून हो म्हणतो. पण मोठ्या जाती साधारण ४ ते ६ वर्षांच्या झाल्या की वयात येतात. रानात या वयाचा पक्षी जोडीदार निवडतो. घरात दुसरा काकाकुवा नसतो, मग तो माणूस निवडतो, आणि तोही एकच. बाकीचे सगळे प्रतिस्पर्धी ठरतात. कालपर्यंत ज्या मुलीच्या खांद्यावर बसून शेंगा खाल्ल्या तिचाच कान फाडतो. निवडलेला माणूस खोलीबाहेर गेला की घर डोक्यावर घेतो. कधी कधी चावा त्या लाडक्या माणसालाच बसतो, कारण ‘शत्रू’ समोर असताना हा लाडका माणूस तिथून हलत नाही याचा पक्ष्याला राग येतो.

यात माणसांचा हातभार मोठा असतो. पाठीवरून, पंखांखालून, शेपटीजवळून हात फिरवणं म्हणजे पक्ष्याच्या लेखी जोडीदाराचा स्पर्श. रोज असं कुरवाळलं की मादी अंडी घालत सुटते, शरीरातलं कॅल्शियम उतरतं आणि एखादं अंडं पोटात अडकून जिवावर बेततं. शेपटीखालच्या छिद्रातून आतला भाग बाहेर येण्याचा त्रासही काकाकुव्यांत याच कारणाने दिसतो. हात लावायचा तो डोक्याला आणि मानेला. तिथे मात्र मनसोक्त लावा. पिसं बदलायच्या दिवसांत डोक्यावर नव्या पिसांच्या बारीक काड्या उभ्या राहतात, त्यांच्यावरचं पांढरं आवरण पक्ष्याच्या स्वतःच्या चोचीला पोचत नाही. तो मान खाली घालून पिसं फुलवतो आणि थांबतो. वाळलेलं आवरण दोन बोटांत हलकं चुरडायचं. काडीच्या तळाशी निळसर-काळं दिसलं तर तिच्यात अजून रक्त आहे, ती सोडायची. असं नीट जमलं की तो डोळे मिटून घेतो. काकाकुव्याचं प्रेम हवं असेल तर ते इथे आहे, कुशीत घेऊन झोपवण्यात नाही.

‘मग जोडीच आणू’ असं पुष्कळजण सुचवतात. काकाकुव्याचा नर पिंजऱ्यात मादीवर हल्ला करून तिला जबर जखमी करतो, प्रसंगी मारूनही टाकतो. ज्यांना पक्ष्यांच्या पैदाशीचा अनुभव आहे तेही या बाबतीत जपून असतात. नवशिक्याने या वाटेला जाऊ नये.

किती वर्षांचा विचार करायचा

शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयात ‘कुकी’ नावाचा मेजर मिचेल जातीचा काकाकुवा होता. तो २०१६ साली ८३ वर्षांचा होऊन गेला. हे टोकाचं उदाहरण झालं, पण मोठ्या जाती नीट सांभाळल्या तर ४० ते ६० वर्षं जगतात. म्हणजे पस्तिशीत पिल्लू आणणाऱ्याच्या सत्तरीतही तो तेवढ्याच जोमाने ओरडत असणार. मधल्या काळात नोकरी बदलेल, घर बदलेल, मुलं होतील किंवा घर सोडून जातील, एखादं आजारपण निघेल.

आम्ही अर्जात एक प्रश्न आवर्जून विचारतो: तुमच्यानंतर कोण? ‘बघू, कोणीतरी सांभाळेल’ हे उत्तर आम्हाला चालत नाही. त्या व्यक्तीचं नाव लागतं, आणि तिला ते ठाऊक असावं लागतं. मृत्युपत्र करणार असाल तर त्यात पक्ष्याचा उल्लेख आणि त्याच्या खर्चाची तजवीज करून ठेवा.

आवाज

याबद्दल गोड बोलण्यात अर्थ नाही. हे थव्याने राहणारे पक्षी आहेत. दूर पांगलेल्या सोबत्यांपर्यंत हाक पोचावी म्हणून त्यांचा आवाज घडलेला आहे, आणि तो दिवाणखान्यात लहान होत नाही. सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी अंधार पडताना थोडा वेळ ओरडणं हा त्यांचा नेम आहे. तो मोडता येत नाही, मोडू पाहू नये. भिंतीला भिंत लागून शेजारी असेल तर आधी शेजाऱ्याशी बोला.

दिवसभर चालणारं किंचाळणं मात्र बरेचदा शिकवलेलं असतं. पक्षी ओरडला, तुम्ही आतून ‘गप्प बस’ म्हणून ओरडलात, झालं, त्याला उत्तर मिळालं. पिंजऱ्यावर कापड टाकण्याची शिक्षाही काही कामाची नाही. उपयोग होतो तो वेगळ्याच गोष्टीचा. तुम्ही दुसऱ्या खोलीत असताना त्याने एखादी साधी शीळ किंवा शब्द काढला की लगेच त्याच आवाजात उत्तर द्यायचं. ‘आहेस ना?’ ‘आहे.’ एवढंच त्याला हवं असतं. हे जमायला महिने लागतात आणि घरातल्या सगळ्यांनी सारखंच वागावं लागतं. एकाने जरी किंचाळण्याला दाद दिली तरी केलेलं पाण्यात जातं.

बोलणारा पक्षी हवा म्हणून काकाकुवा घेऊ नका. काही शब्द बहुतेक शिकतात, पण त्यात आफ्रिकन ग्रे पोपटाची सर नाही.

पांढरी पूड

काकाकुव्याच्या अंगावर काही पिसं अशी असतात की त्यांची टोकं सतत झडून पिठासारखी बारीक पूड होते. ती पिसांना पाण्यापासून जपते. तीच पूड टीव्हीच्या पडद्यावर, पुस्तकांवर, गडद कपड्यांवर आणि तुमच्या फुप्फुसात जाते. पूड भरपूर असणं हे तब्येतीचं लक्षण आहे. उलट, एरवी राखाडी दिसणारी चोच अचानक काळी चकचकीत दिसू लागली तर पूड कमी झाली असं समजून डॉक्टरांकडे जावं.

घरात कोणाला दमा असेल किंवा धुळीची अॅलर्जी असेल तर इथेच थांबा आणि आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. घरी मकाव (मोठ्या जातीचा रंगीत पोपट) असेल तरीही थांबा. काकाकुव्याच्या पुडीने मकावाच्या फुप्फुसांना कायमची इजा होऊ शकते. बाकीच्यांसाठी रोज पाण्याचा फवारा, चांगला एअर प्युरिफायर आणि ओलं फडकं एवढं पुरतं. त्रास होतो की नाही हे कळायला आमच्याकडे येऊन पक्ष्याच्या खोलीत तासभर बसा, आणि वेगवेगळ्या दिवशी दोन-तीनदा तरी बसा. एका भेटीत अॅलर्जी कळेलच असं नाही.

चोच आणि डोकं

व्हिएन्नाजवळच्या प्रयोगशाळेत ‘फिगारो’ नावाच्या गॉफिन काकाकुव्याने पिंजऱ्याच्या लाकडी चौकटीतून लांब चिरफळी काढली आणि तिने पलीकडे पडलेला सुकामेवा ओढून घेतला. हे २०१२ साली प्रसिद्ध झालं. सिडनीच्या उपनगरांत पिवळ्या तुऱ्याचे काकाकुवे कचरापेट्यांची झाकणं उघडतात आणि ही युक्ती एकमेकांचं पाहून शिकतात, असं २०२१ च्या अभ्यासात दिसलं. असं डोकं चार भिंतींत रिकामं बसवलं तर ते काम शोधतंच. खिडकीची चौकट, खुर्चीचे पाय, कीबोर्डची बटणं, चार्जरची वायर, सगळं कामच.

पिंजरे बनवताना आम्हाला सर्वांत जास्त डोकं या पक्ष्यापुढे चालवावं लागतं. साधी कडी तो उचलतो. स्प्रिंगची कडी पाहून पाहून शिकतो. आतून हाताला लागणारा नट असेल तर जीभ आणि चोच लावून थोडा थोडा फिरवतो, आणि एके सकाळी दार खाली पडलेलं असतं. म्हणून नट बाहेरून आणि कुलूप चावीचं. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी अजिबात नको, चावता चावता जस्त पोटात जाऊन विषबाधा होते. पंख पूर्ण पसरून आत फिरता आलं पाहिजे, ही जागेची किमान अट. आणि एवढा मोठा पिंजरा घेतला तरी रोज काही तास बाहेर काढावं लागतंच.

लाकूड ही वापरून संपणारी वस्तू आहे असं धरून चाला. बिनविषारी झाडाच्या जाड फांद्या, पुठ्ठे, कागदात गुंडाळलेले दाणे. खाणं वाटीत मांडून ठेवू नका, शोधायला लावा. रानात त्याचा बराचसा दिवस अन्न शोधण्यात जातो, तुमच्या वाटीशी त्याचं काम दहा मिनिटांत उरकतं आणि उरलेल्या वेळात तो स्वतःची पिसं उपटायला लागतो.

खाणं आणि स्वयंपाकघर

नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर काकाकुवा जगतो, पण यकृतात चरबी साठते आणि ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडतं. पेलेट्स (पक्ष्यांचं तयार गोळीखाद्य), गडद पालेभाज्या, गाजर, भोपळा हे रोजचं. बी बक्षीस म्हणून. अॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, दारू हे विष. नॉनस्टिक भांडं रिकामं तापलं तर त्याच्या वाफेने शेजारच्या खोलीतला पक्षीही काही मिनिटांत मरतो. काकाकुवा आणायचा तर ही भांडी घरातून काढा.

कोणता?

मोलुक्कन आणि छत्रीसारख्या तुऱ्याचा पांढरा काकाकुवा हे सर्वांत लाघवी आणि सांभाळायला सर्वांत अवघड. एकटेपणाने स्वतःची छाती फोडून घेणारे पक्षी मुख्यतः यांच्यातले. गॉफिन आकाराने लहान आहे, उचापतींत नाही. गुलाबी-करडा गाला त्यामानाने स्वतंत्र, पण पटकन लठ्ठ होतो. दिवसाचे आठ-दहा तास घर बंद असतं अशांना आम्ही यांतला एकही देत नाही. त्यांना आम्ही कॉकाटील सुचवतो, शक्यतो जोडीने. तोही याच कुळातला, तुराही आहे, पूडही आहे, पण वजन शंभर ग्रॅमच्या आसपास आणि आयुष्य साधारण १५ ते २० वर्षं. ऐकून चेहरे पडतात. तरी सुचवतो.

पिल्लू की मोठा, असं विचाराल तर मोठा. वयात आलेला पक्षी जसा आहे तसा समोर दिसतो: कोणावर धावतो, केव्हा ओरडतो, काय खातो. पिल्लाच्या बाबतीत तुम्ही अंदाजावर आयुष्य लावता. मोठा पक्षी नव्या माणसाशी जुळत नाही हा गैरसमज आहे. वेळ लागतो, पण जुळतो. पिसं उपटलेला पक्षी पाहून दया येते, तेव्हा एवढं लक्षात असू द्या की पिसांची मुळं दुखावली असतील तर ती पुन्हा येत नाहीत, कितीही माया केली तरी. तुमच्याजवळ बरा होऊन तो सुंदर दिसेल या आशेवर त्याला नेऊ नका. आणि उपटण्याचं कारण मनाचंच असेल असंही नाही, चोच-पिसांचा विषाणूजन्य रोग आहे का हे रक्त तपासल्याशिवाय आम्ही पक्षी देत नाही. घरी आधीचे पक्षी असतील तर नव्याला दीड महिना वेगळ्या खोलीत ठेवा.

कागदपत्रं

कॉकाटील सोडून सगळे काकाकुवे ‘साइटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतात. मोलुक्कन, गॉफिन, फिलिपिनी, काळा पाम काकाकुवा आणि इंडोनेशियातला लहान पिवळ्या तुऱ्याचा हे त्यातल्या सर्वांत कडक पहिल्या यादीत आहेत. पक्षी कुठून आला याचा कागद, पायातली बंद कडी किंवा मायक्रोचिप, आणि तुमच्या भागात लागत असेल ती नोंदणी, हे पक्षी घरी येण्याआधी. ‘कागद नंतर देतो’ म्हणणाऱ्याकडून, आमच्यासकट, पक्षी घेऊ नका.

पुढे काय

पहिल्या भेटीला घरात राहणारे सगळे या. पक्षी आधी पिंजऱ्यातच असेल. हात घालू नका, नुसते बसा. गालाची पिसं चोचीवर आलेली असली तर तो निवांत आहे. तुरा ताठ, अंग आवळलेलं आणि नजर रोखलेली असली तर कोणीच पुढे जायचं नाही. तो कोणाकडे सरकतो आणि कोणाला पाहून फिस्कारतो हे आम्ही लिहून ठेवतो, आणि त्यावर स्पष्ट बोलतो.

त्यानंतर तुमच्या घरी येऊन जागा पाहतो. जवळ पक्ष्यांवर उपचार करणारा डॉक्टर आहे का ते तुम्ही आधीच शोधून ठेवा. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी पाहत नाहीत, आणि पक्षी दुखणं लपवतो, त्यामुळे ते दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. ग्रॅममध्ये मोजणारा काटा घ्या आणि दर आठवड्याला वजन लिहा. दुखणं बरेचदा आधी तिथे दिसतं.

पक्षी तुमच्याकडे गेल्यावर पहिले तीन महिने परीक्षेचे, दोन्ही बाजूंनी. जमलं नाही तर परत आणा, आम्ही ‘असं का केलंत’ विचारत बसत नाही. तीन महिन्यांनंतरही, दहा वर्षांनंतरही, पक्षी ठेवणं शक्य राहिलं नाही तर परस्पर विकू किंवा कोणाला देऊ नका, आधी आम्हाला कळवा. करारात हे कलम आहे, त्यावर वेगळी सही घेतो.