पॉइंट गार्डची घडण

बास्केटबॉलमध्ये शाळा-महाविद्यालयाच्या स्तरावर भरपूर गुण मिळवून नावारूपाला आलेल्या तरुण खेळाडूला व्यावसायिक संघात आल्यावर अनेकदा पॉइंट गार्डची जागा नव्याने शिकून घ्यावी लागते. संघातील पाच जागांपैकी ही पहिली जागा असून प्रशिक्षक आणि खेळाडू तिला नुसते ‘वन’ असेही म्हणतात. चेंडू स्वतःच्या अर्ध्या मैदानातून पुढे आणणे, चाल ठरवून ती सुरू करून देणे आणि शॉट घेण्यासाठीच्या २४ सेकंदांच्या मुदतीत संघाला शक्य तितका चांगला शॉट मिळवून देणे ही या जागेची कामे आहेत. शूटिंग गार्ड किंवा फॉरवर्ड यांच्याकडे चेंडू बहुधा चालीच्या शेवटी येतो, तर पॉइंट गार्डच्या हातून चाल सुरू होते. वर्षानुवर्षे चालीचा शेवट करत आलेल्या खेळाडूला तिची सुरुवात करायला शिकवणे हे व्यावसायिक बास्केटबॉलमधील सर्वांत अवघड आणि वेळखाऊ शिक्षणांपैकी एक मानावे लागते.

हा जागाबदल बहुतेक वेळा उंचीमुळे वाट्याला येतो. शाळेत किंवा महाविद्यालयात ६ फूट २ इंच उंचीचा नेमबाज प्रतिस्पर्ध्यांच्या डोक्यावरून सहज शॉट मारू शकतो. एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये मात्र शूटिंग गार्ड सर्वसाधारणपणे ६ फूट ४ इंच ते ६ फूट ७ इंच उंचीचे असतात; त्यांच्यासमोर तोच खेळाडू शॉट मारताना तोकडा पडतो आणि बचाव करताना तर अधिकच. त्यामुळे पॉइंट गार्डचे काम शिकणे किंवा राखीव खेळाडू म्हणून थोडी मिनिटे खेळणे, एवढेच मार्ग त्याच्यापुढे उरतात. शालेय संघात चेंडू आपल्याच हाती असायचा, म्हणून आपण पॉइंट गार्डच होतो, अशी पुष्कळांची समजूत असते. तेथे संघातील सर्वांत चांगल्या खेळाडूकडे चेंडू आपोआप जातो, त्याच्यावर दोन-तीन बचावपटू धावून येतात, मोकळा सहकारी डोळ्यांसमोर उभा असतो आणि साध्या पासवरही असिस्ट, म्हणजे ज्यावरून सहकाऱ्याने लगेच गुण केले अशा पासची नोंद, जमा होतात. व्यावसायिक संघांचा मदतीचा बचाव, म्हणजे आपला खेळाडू सोडून सहकाऱ्याच्या मदतीला धावणारा बचावपटू, उशिरा येतो, येणार असल्याचे नुसते भासवतो आणि तितक्याच वेगाने मागे फिरतो. त्यात मोकळा सहकारी दिसतो तो क्षणभरच.

पॉइंट गार्डने आधी इतरांना खेळवावे आणि स्वतःचे गुण नंतर पाहावेत, ही अपेक्षा दीर्घकाळ रूढ होती. तिला ठळक अपवाद नेट आर्चिबाल्ड याचा. ६ फूट १ इंच उंचीच्या या खेळाडूने १९७२-७३ च्या हंगामात कॅन्सस सिटी-ओमाहा किंग्जकडून प्रति सामना ३४ गुण आणि ११.४ असिस्ट नोंदवले. सरासरीच्या हिशेबाने एकाच हंगामात दोन्ही याद्यांत अव्वल राहिलेला एनबीएमधील तो एकमेव खेळाडू आहे. पुढे नियम बदलले. २००४-०५ पासून चेंडू घेऊन येणाऱ्या खेळाडूला हाताने अडवून धरण्यावर कडक बंधने आली, तीन गुणांच्या शॉटचा वापर वाढला, नेमबाज मैदानभर पसरून उभे राहू लागले आणि स्वतः गुण मिळवू शकणाऱ्या पॉइंट गार्डला पूर्वी नव्हते एवढे मोल आले. आजच्या शिकाऊ खेळाडूला म्हणून आपली नेमबाजी बाजूला ठेवायची नसते. बचावपटू त्याच्या शॉटला घाबरतात म्हणूनच त्याच्या पाससाठी वाट मोकळी होते. ज्या प्रशिक्षकांनी अशा मुलांना ‘आधी पास दे’ एवढाच धोशा लावला, त्यांनी त्यांचे मुख्य बळच काढून घेतले, असे म्हणणे भाग आहे.

या शिक्षणाचा गाभा नजरेत आहे. गुण मिळवणारा खेळाडू आपल्या अंगावरच्या बचावपटूकडे पाहतो आणि त्याला चुकवले की रिंगकडे. पॉइंट गार्डला पहिल्या बचावपटूच्या मागे उभ्या असलेल्या दुसऱ्याकडे आणि तिसऱ्याकडे पाहावे लागते. पिक अँड रोल या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या चालीत हा फरक स्पष्ट दिसतो. तीन गुणांच्या रेषेबाहेर गार्डकडे चेंडू असतो. सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा संघातील उंच खेळाडू, येऊन स्क्रीन लावतो, म्हणजे गार्डवरच्या बचावपटूच्या वाटेत उभा राहतो, आणि मग वळून रिंगकडे धावतो. बचाव करणाऱ्या संघाकडे यावर अनेक उत्तरे असतात. बचावपटू स्क्रीनच्या वरून येतो किंवा खालून निसटतो. त्यांचा सेंटर मागे रिंगजवळ थांबतो, पुढे येऊन वाट अडवतो, गार्डची जबाबदारी स्वतःकडे घेतो किंवा दोघे मिळून चेंडूवर तुटून पडतात. खालून निसटणाऱ्याला शॉटने उत्तर द्यायचे, दोघे अंगावर आले तर मागे मोकळा झालेल्या सेंटरला चेंडू द्यायचा, इथपर्यंतचे वाचन कुठल्याही चांगल्या नेमबाजाला थोड्या दिवसांत जमते.

खरी परीक्षा तिसऱ्या बचावपटूची असते. विरुद्ध बाजूच्या कोपऱ्यातील नेमबाजावर लक्ष ठेवणारा हा खेळाडू रिंगकडे धावणाऱ्या सेंटरला अडवण्यासाठी आत सरकतो. तो एक पाऊल आत आला तर कोपरा मोकळा होतो आणि जागेवर राहिला तर सेंटर. पण तो पाऊल टाकून स्थिरावल्यावर पास सोडला तर फार उशीर झालेला असतो, कारण मैदानाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला चेंडू पोहोचेपर्यंत तो पुन्हा नेमबाजापाशी पोहोचतो. त्यामुळे त्याच्या खांद्याची दिशा बदलताच, चेंडू हातात न थांबवता, धावत्या ड्रिबलमधून, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत धावत असतानाच, एका हाताने पास सुटावा लागतो आणि डावीकडून चाल झाली तर तो डाव्या हातानेच द्यावा लागतो. बहुतेक तरुण नेमबाज अशा वेळी आधी दोन्ही हातांनी चेंडू धरतात आणि हवेत उडी मारतात. हवेत गेल्यावर निर्णय बदलायला जागा उरत नाही, म्हणून पाय जमिनीवर ठेवून पास देण्याची सवय लावणे हा प्रशिक्षणातील पहिल्या धड्यांपैकी एक असतो.

याला जोडून वेगाचे नियंत्रण येते. चपळाईवर मोठा झालेला खेळाडू स्क्रीन ओलांडताच पूर्ण वेगाने रिंगकडे झेपावतो. अनुभवी पॉइंट गार्ड तेथे वेग कमी करतो, आपल्या बचावपटूला पाठीवर घेऊन त्याला पुढे येऊ देत नाही आणि समोरच्या सेंटरला दोन खेळाडूंच्या मध्ये अडकवून ठेवतो. हा संयम शिकवायला सर्वांत कठीण, कारण खेळाडूला आजवर ज्या गुणासाठी शाबासकी मिळाली तोच येथे आवरून धरायचा असतो.

घड्याळाचा हिशेबही नवा असतो. अमेरिकेतील पुरुषांच्या महाविद्यालयीन स्पर्धांत शॉटसाठी ३० सेकंद आणि मध्यरेषा ओलांडायला १० सेकंद मिळतात, तर एनबीएमध्ये अनुक्रमे २४ आणि ८ सेकंद. चेंडू रमतगमत पुढे आणणाऱ्या गार्डच्या संघाला चाल मांडायला सोळा-सतराच सेकंद उरतात आणि पहिली चाल बंद झाली की दुसरीला वेळच राहत नाही. क्वार्टर संपायला पस्तीसएक सेकंद असताना लवकर शॉट घेतला तर प्रतिस्पर्ध्यांच्या आक्रमणानंतर चेंडू पुन्हा आपल्याकडे येतो, हे गणित नेमबाजाने आजवर दुसऱ्यांवर सोपवलेले असते. प्रतिस्पर्धी संघाचे किती फाउल झाले, कोणत्या सहकाऱ्याच्या हाताला बराच वेळ चेंडू लागलेला नाही, कोण थकला आहे, कोणाला चेंडू छातीशी हवा असतो आणि कोणाला जरा खाली, हे सर्व त्यालाच ध्यानात ठेवावे लागते. त्याला बोलावेही लागते. चालीचे नाव आणि हाताची खूण वेळेवर पोहोचली नाही तर चौघांपैकी एखादा चुकीच्या जागी उभा राहतो. विशीतल्या मुलाने तिशी ओलांडलेल्या खेळाडूंना जागा दाखवणे हे सोपे नसते आणि केवळ अधिकाराने ते साधतही नाही. चौघांना आपापला चेंडू मिळू लागला की ते ऐकू लागतात.

शिकण्याची किंमत टर्नओव्हरच्या, म्हणजे शॉट न घेताच चेंडू प्रतिस्पर्ध्यांकडे गमावण्याच्या, रूपाने मोजावी लागते. केटलिन क्लार्क ही महाविद्यालयातही पॉइंट गार्डच होती आणि तेथे तिने विक्रमी गुण मिळवले होते. तरीही २०२४ मध्ये इंडियाना फीव्हरकडून खेळताना व्यावसायिक कारकिर्दीच्या पहिल्याच हंगामात तिने डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगमधील एका हंगामातील ३३७ असिस्टचा तेव्हाचा विक्रम आणि २२३ टर्नओव्हरचा विक्रम असे दोन्ही आपल्या नावे केले. जेम्स हार्डन २०१६-१७ मध्ये चांगला अनुभवी झालेला असताना प्रशिक्षक माइक डी’अँटोनी यांनी त्याला ह्यूस्टन रॉकेट्सचा पॉइंट गार्ड केले. त्या हंगामात ११.२ असिस्टच्या सरासरीने तो लीगमध्ये पहिला आला आणि त्याच्या नावावर ४६४ टर्नओव्हर जमा झाले. एनबीएच्या एका हंगामातील तो उच्चांक आहे. अर्थात सर्व टर्नओव्हर सारखे नसतात. चेंडू रेषेबाहेर गेला तर बचावाला परत येऊन मांडणी करता येते, पण मध्यावर हिसकावला गेलेला चेंडू थेट दुसऱ्या टोकाला सोप्या बास्केटमध्ये जातो. म्हणून शिकाऊ खेळाडूच्या चुका तपासताना प्रशिक्षक एकूण आकड्यापेक्षा त्यांचा प्रकार पाहतात. योग्य जागी पाहून थोडक्यात हुकलेला पास ते सहन करतात. न पाहता टाकलेला नाही.

असिस्टचा आकडाही अपुरा असतो, कारण सहकाऱ्याचा शॉट हुकला तर उत्तम पासचीही नोंद होत नाही. २०१३-१४ पासून एनबीएच्या सर्व मैदानांवर खेळाडूंच्या हालचाली टिपणारे कॅमेरे बसवले गेले आणि पासनंतर किती शॉट घेतले गेले, म्हणजे किती असिस्ट होऊ शकले असते, हेही मोजता येऊ लागले. तरुण पॉइंट गार्डची प्रगती पारखायला हे मोजमाप अधिक न्याय्य आहे.

सराव मैदानावर आणि पडद्यासमोर असा दोन ठिकाणी चालतो. चित्रफीत पाहताना प्रशिक्षक चालीच्या मध्यावर चित्र थांबवतो आणि त्या क्षणी विरुद्ध कोपऱ्यातील बचावपटू कुठे होता, असे विचारतो. मैदानावर तीन विरुद्ध तीनचा खेळ सर्वांत उपयोगी पडतो, कारण त्यात तिसरा बचावपटू असतो आणि गर्दी नसते. एनबीएच्या उन्हाळी लीगमध्ये आणि २००१ साली सुरू झालेल्या, आता जी लीग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकास-लीगमध्ये अशा खेळाडूंच्या हाती मुद्दाम चेंडू दिला जातो. तथापि शेजारी अनुभवी पॉइंट गार्ड असण्याचा लाभ वेगळाच असतो.

चॉन्सी बिलप्सची कारकीर्द याची साक्ष देते. १९९७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, बोस्टन सेल्टिक्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर निवडले आणि पहिला हंगाम पुरा होण्याआधीच टोरांटोला देऊन टाकले. नेमबाज म्हणून आलेल्या या खेळाडूची नेमकी जागा कोणती, याबद्दल संघांचे एकमत होत नव्हते आणि पहिल्या पाच हंगामांत तो चार संघांकडून खेळला. त्यांपैकी मिनेसोटात टेरेल ब्रँडन या मुरलेल्या पॉइंट गार्डच्या सहवासात तो हे काम शिकला, ब्रँडनच्या दुखापतीमुळे ती जागा त्याच्याकडे आली आणि २००२ मध्ये डेट्रॉइटने त्याच्या हाती संघ सोपवला. २००४ च्या अंतिम मालिकेत डेट्रॉइटने लॉस एंजेलिस लेकर्सना ४-१ असे हरवले तेव्हा मालिकेतील सर्वोत्तम खेळाडू बिलप्स होता. त्याला बोस्टनमध्येच आणखी दोन वर्षे मिळायला हवी होती.

स्टीफन करीने हा बदल महाविद्यालयात असतानाच केला. २००७-०८ मध्ये असिस्टच्या सरासरीत देशात पहिला आलेला जेसन रिचर्ड्स डेव्हिडसन महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर चेंडू करीकडे आला. त्याचे असिस्ट प्रति सामना २.९ वरून ५.६ वर गेले आणि त्याच हंगामात २८.६ गुणांच्या सरासरीने तो देशात अव्वल ठरला. रसेल वेस्टब्रुक यूसीएलएमध्ये बहुतांशी डॅरन कॉलिसनच्या जोडीला खेळत होता. एनबीएतील पहिल्या हंगामात, २००८-०९ मध्ये, त्याच्या नावावर प्रति सामना ५.३ असिस्ट आणि ३.३ टर्नओव्हर होते. त्याला तरीही त्याच जागेवर खेळवत राहिल्यामुळे पुढे तो तीन हंगामांत असिस्टच्या सरासरीत लीगमध्ये पहिला आला. टायरिस मॅक्सीचे उदाहरण याहून निराळे. चुका न करता शिकणाऱ्या मोजक्या खेळाडूंपैकी तो एक असून २०२३-२४ मध्ये फिलाडेल्फियाकडून २५.९ गुणांच्या सरासरीबरोबर त्याचे ६.२ असिस्ट आणि अवघे १.७ टर्नओव्हर होते.

बचावाच्या बाजूलाही बदल होतो. लीगमधील सर्वांत चपळ गार्ड आता पॉइंट गार्ड झालेल्या नेमबाजाच्या वाट्याला येतात आणि एका सामन्यात अनेकदा स्क्रीनला धडकून त्यांचा पाठलाग करावा लागतो. आक्रमणातील निर्णय शेवटच्या क्वार्टरमध्ये बिघडतात ते पुष्कळदा या दमछाकीमुळे.

प्रत्येक नेमबाजाचा पॉइंट गार्ड होतोच असे नाही आणि तो व्हावाच असेही नाही. ॲलन आयव्हर्सन १९९६ मध्ये ड्राफ्टमधून पहिल्या क्रमांकाने फिलाडेल्फियात आला आणि पॉइंट गार्ड म्हणून पहिल्या हंगामात त्याने २३.५ गुण व ७.५ असिस्टची सरासरी राखली. टर्नओव्हर मात्र ४.४ होते. प्रशिक्षक लॅरी ब्राउन यांनी १९९८-९९ मध्ये ती जागा एरिक स्नो या शांत आणि मजबूत बचावाच्या खेळाडूला दिली आणि आयव्हर्सनला शूटिंग गार्ड केले. स्नो उंच प्रतिस्पर्ध्यांचा बचाव स्वतःकडे घेत असल्याने आयव्हर्सनच्या सहा फुटी उंचीचा प्रश्नही बराचसा सुटला. त्याच हंगामात आयव्हर्सन २६.८ गुणांच्या सरासरीने लीगमध्ये अव्वल आला, २००१ मध्ये मोसमातील सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याचा संघ अंतिम मालिकेपर्यंत पोहोचला.